जुन्या लॅपटॉपला वेगवान यूएसबी जोडायचंय? आधी बाजूची खाच नीट बघा

सिंहस्थ जवळ येऊ लागला की नाशिकच्या फोटो स्टुडिओवाल्यांना जुना साठा आठवतो. २०१५ च्या शाहीस्नानाचे फोटो, आखाड्यांच्या मिरवणुकांचे व्हिडिओ, मधल्या वर्षांतली लग्नं, सगळं जुन्या लॅपटॉपमध्ये साठलेलं असतं आणि २०२७ ची गर्दी सुरू व्हायच्या आत ते नव्या एक्स्टर्नल डिस्कवर हलवायचं असतं. डेटा पाचशे जीबी आणि पोर्ट यूएसबी टू. या पोर्टवर सेकंदाला ३० ते ४० एमबी एवढाच वेग हाती लागतो. म्हणजे चार तास नुसतं बसून राहायचं, तेही मधे लाइट गेली नाही तर.

हीच डिस्क यूएसबी थ्रीच्या पोर्टवर लावली तर काम दीड तासाच्या आत होतं. त्यासाठी लॅपटॉप बदलायलाच हवा असं नाही. २००८ ते २०१२ या काळातल्या बऱ्याच ऑफिस लॅपटॉपना बाजूला एक्स्प्रेसकार्डची खाच असते. त्यात यूएसबी थ्रीचं छोटं कार्ड सरकवलं की दोन वेगवान पोर्ट मिळतात. लॅपटॉप उघडावा लागत नाही, स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यावा लागत नाही. सेकंडहँड बाजारात आजही फिरणारे थिंकपॅड टी४१०, टी४२०, एक्स२२०, डेल लॅटिट्यूडची ई६४०० पासूनची मालिका, एचपी एलिटबुक ८४४०पी, ८४६०पी ही या जातीची यंत्रं. एसएसडी (न फिरणारी, चिपवरची वेगवान डिस्क) टाकली आणि रॅम वाढवली की ती रोजच्या कामाला अजून चांगली चालतात. मागे पडतात ती फक्त यूएसबीत.

गरज आहे का, ते आधी बघा

यूएसबी थ्रीचं मानक २००८ च्या अखेरीस आलं, पण इंटेलने ते आपल्या चिपसेटमध्येच (लॅपटॉपच्या मुख्य चिपांच्या संचात) द्यायला २०१२ उजाडलं. त्याआधीच्या लॅपटॉपमध्ये ते असलंच तर कंपनीने वेगळी चिप लावलेली असते. पोर्टच्या आतलं प्लास्टिक निळं असेल किंवा शेजारी खुणेत ‘एसएस’ ही अक्षरं असतील तर तुमच्याकडे ते आहेच, कार्डाची गरज नाही. रंगावर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नका. काही कंपन्या यूएसबी थ्रीलाही काळं प्लास्टिक लावतात, आणि थिंकपॅडचं पिवळं पोर्ट वेगाचं नसून लॅपटॉप बंद असताना मोबाइल चार्ज करण्यासाठीचं असतं.

खात्री करायची तर पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. जुन्या पोर्टच्या जिभेवर चार पट्ट्या असतात. यूएसबी थ्रीमध्ये त्या चार असतातच, शिवाय पाच जास्तीच्या. एकूण नऊ. सगळा वेग त्या पाचांतून येतो.

खाच ओळखणं: इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो

लॅपटॉपच्या कडेला सपाट खाच दिसली की लोक कार्ड मागवून मोकळे होतात. पण तशा दिसणाऱ्या खाचा तीन प्रकारच्या असतात आणि त्यातली एकच आपल्या कामाची.

पहिली पीसी कार्डची, म्हणजे कार्डबसची. ही साधारण २००६-०७ पर्यंतच्या लॅपटॉपमध्ये सर्रास असायची. दुसरी स्मार्टकार्डची, जी बँका आणि मोठ्या कंपन्यांसाठीच्या लॅपटॉपमध्ये असते. तिच्यात एटीएम कार्डाच्या आकाराचं ओळखपत्र जातं. तिसरी एक्स्प्रेसकार्डची. गंमत अशी की पीसी कार्ड, स्मार्टकार्ड आणि रुंद एक्स्प्रेसकार्ड या तिन्हींची रुंदी ५४ मिलिमीटर. त्यामुळे नुसती फूटपट्टी लावून निकाल लागत नाही, आत बघावं लागतं.

लॅपटॉप बंद करा. खाचेत बहुधा प्लास्टिकचा डमी बसवलेला असतो. तो आत दाबला की टक्‌ करून बाहेर येतो, किंवा शेजारचं छोटं बटण दाबावं लागतं. आता तो डमीच हातात घेऊन बघा, तो बरंच सांगून जातो. सरळ आयताकृती आणि ५४ मिमी रुंद असेल तर खाच बहुतेक पीसी कार्डची. एका बाजूने कापल्यासारखा, इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा असेल, किंवा मुळातच ३४ मिमी रुंद असेल, तर एक्स्प्रेसकार्डची. मग टॉर्च मारून आत बघा. पीसी कार्डात खाचेच्या शेवटी पूर्ण रुंदीभर बारीक पिनांच्या दोन ओळी दिसतात, एकूण ६८. एक्स्प्रेसकार्डात एका बाजूला सरकलेला लहानसा कनेक्टर असतो, २६ जागांचा. बाकी रुंदी मोकळी. स्मार्टकार्डाच्या खाचेला डमी क्वचितच असतो आणि उंचीलाही ती फारच बारीक. एक्स्प्रेसकार्ड ५ मिमी जाड असतं, ते तिच्यात जाणारच नाही.

खाच पीसी कार्डची निघाली तर इथेच थांबा. त्या मार्गाची एकूण झेपच सेकंदाला १३३ एमबी, आणि प्रत्यक्षात हाती येतं त्याहून बरंच कमी. निळी पोर्टं लावलेली अशी कार्डं विकायला असतात, पण रंग निळा केल्याने आतली वाट रुंद होत नाही.

एक्स्प्रेसकार्डची असेल तर रुंदी लिहून ठेवा, ३४ की ५४. ३४ चं कार्ड दोन्हींत चालतं, ५४ चं कार्ड ३४ च्या खाचेत जात नाही. म्हणून ३४ चंच घ्यावं. रुंद खाचेत ते जरा डुगडुगतं. काही कार्डांसोबत रुंदी भरून काढणारा प्लास्टिकचा तुकडा मिळतो, तो असेल तर उत्तम.

वेगाची अपेक्षा

खोक्यावर ५ जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला पाच गिगाबिट, लिहिलेलं असतं. तो आकडा यूएसबीचा आहे, तुमच्या खाचेचा नाही. एक्स्प्रेसकार्डाला आतून पीसीआय एक्स्प्रेसची, म्हणजे मदरबोर्डवरच्या डेटाच्या वाटेची, एकच लेन मिळते. २०१० पर्यंतच्या इंटेल लॅपटॉपमध्ये ही लेन २.५ गिगाट्रान्सफरची, म्हणजे कागदावर सेकंदाला २५० एमबी, हातात दीडशे ते दोनशेच्या घरात. २०११ पासूनच्या, म्हणजे टी४२० किंवा एक्स२२० च्या पिढीपासून ती दुप्पट झाली, कागदावर ५००.

साध्या फिरत्या हार्डडिस्कचा स्वतःचाच वेग शंभर-सव्वाशे एमबीच्या पुढे जात नाही. त्यामुळे ज्याला डिस्कवर बॅकअप घ्यायचा आहे त्याला जुन्या पिढीची खाचही पुरून उरते. बाहेरून एसएसडी जोडणाऱ्याला मात्र २०११ च्या आधीच्या लॅपटॉपवर अर्धा वेग वाया गेल्यासारखा वाटेल. तरीही यूएसबी टू पेक्षा तो चार-पाच पट असतो. आणि लॅपटॉपच्या आत अजून जुनी फिरती डिस्कच असेल, तर आधी ती बदला. आतून डेटाच सावकाश निघत असेल तर बाहेरचं पोर्ट वेगवान करून काय उपयोग?

वेगापेक्षा विजेचं गणित महत्त्वाचं

कार्ड लावलं आणि चालत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांची अडचण माझ्या अनुभवात एकच असते. कार्ड चांगलं असतं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बरोबर असतो, पण डिस्कला वीज पुरत नाही.

यूएसबीला ५ व्होल्ट लागतात. एक्स्प्रेसकार्डच्या खाचेत ५ व्होल्टची तारच नसते. तिथे मुख्य वीज ३.३ व्होल्टची, तीही जास्तीत जास्त १.३ अँपिअर. गुणाकार करा: जेमतेम सव्वाचार वॅट. यूएसबी थ्रीच्या एका पोर्टने नियमाप्रमाणे ९०० मिलिअँपिअर द्यायचे, म्हणजे साडेचार वॅट. कार्डावर पोर्टं दोन. म्हणजे एका पोर्टची भूकही खाचेतून पुरती भागत नाही, शिवाय ३.३ चे ५ व्होल्ट करताना काही वीज उष्णतेत जाते आणि कार्डावरची चिप आपला वाटा घेतेच.

याची खूण कानाला कळते. एक्स्टर्नल हार्डडिस्क लावल्यावर ती फिरायला लागते, मग ‘टिक्‌… टिक्‌…’ असा आवाज येतो, दिवा विझतो, पुन्हा लागतो आणि ‘माय कॉम्प्युटर’मधला ड्राइव्ह दिसून गायब होतो. असं झालं की डिस्क ताबडतोब काढा. पुन्हा पुन्हा तसंच चालू ठेवलं तर डिस्कमधला डेटा धोक्यात येतो.

यावर दोन उपाय. चांगल्या कार्डांना पोर्टांच्या बाजूला टाचणीएवढ्या छिद्राचा पॉवर जॅक असतो आणि सोबत एक वायर येते, जिचं दुसरं टोक लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी पोर्टमध्ये लावायचं. त्याने एक डिस्क नीट चालते. दोन डिस्क एकदम लावायच्या असतील तर स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी थ्री हब (एका पोर्टची अनेक पोर्टं करणारा डबा) घ्या, तो कार्डाला जोडा आणि डिस्क हबला. स्टुडिओच्या कामासाठी मी सरळ हबच सुचवतो. पेनड्राइव्ह आणि कार्डरीडर पुरतंच काम असेल तर यातलं काहीच लागत नाही.

खरेदी

नाशिकमध्ये एम. जी. रोडवर मोबाइलचं सामान ढिगाने मिळतं, पण एक्स्प्रेसकार्ड विचारलं की समोरचा आधी मेमरी कार्ड काढून दाखवतो. जुन्या लॅपटॉपची दुरुस्ती करणारी दुकानं गाठा. त्यांच्याकडे एखादं पडलेलं असू शकतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधता येतं. पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरायचं आणि पश्चिम रेल्वेच्या लोकलने ग्रँट रोड. पण केवळ एका कार्डासाठी एवढा खटाटोप नको, इतर काम असेल तरच. बहुतेकांना ऑनलाइनच मागवावं लागतं. तेव्हा परत करण्याची मुदत किती आहे हे आधी वाचा आणि कार्ड आलं त्याच दिवशी तपासा.

विकत घेताना चिपचं नाव विचारा किंवा वर्णनात शोधा. रेनेसास (जुन्या कार्डांवर एनईसी), एएसमीडिया, व्हीआयए, फ्रेस्को लॉजिक, इट्रॉन ही नावं दिसतील. मला विचाराल तर पहिली पसंती रेनेसास, कारण विंडोज सातपासून लिनक्सपर्यंत तिने फारसा त्रास दिलेला नाही. जिथे चिपचं नावच दिलेलं नाही ते कार्ड घेऊ नका. कारण एक्स्प्रेसकार्डच्या खाचेत पीसीआय एक्स्प्रेसच्या लेनबरोबर यूएसबी टूची एक तारही आलेली असते. काही स्वस्त कार्डं फक्त त्या तारेवर चालतात. म्हणजे निळी पोर्टं, आत साधा यूएसबी टू हब. ही बनवाबनवी पकडायची कशी ते पुढे येतंच.

आणखी एक. काही कार्डं खाचेत पूर्ण आत जातात, काहींचं डोकं दोन-तीन सेंटिमीटर बाहेर राहतं. लॅपटॉप बॅगेत घालून सिडको ते सातपूर रोज स्कूटरवर नेत असाल तर आत जाणारं घ्या, किंवा बाहेर डोकावणारं असेल तर निघताना काढून ठेवा. बाहेरच्या टोकाला धक्का बसला तर कार्ड मोडेल ते मोडेल, खाचेतला कनेक्टरही वाकतो, आणि तो मदरबोर्डचा खर्च.

लावायचं कसं

विंडोज सात असेल तर आधी ड्रायव्हर उतरवून डेस्कटॉपवर ठेवा. विंडोज सातमध्ये यूएसबी थ्रीचा ड्रायव्हर मुळातून नाही. कार्डासोबत सीडी येते, पण सीडी ड्राइव्ह चालू असलेला जुना लॅपटॉप मिळणं आता मुश्कील. विंडोज आठ आणि दहामध्ये तो आतच आहे. लिनक्सला तर २००९ पासून यूएसबी थ्री कळतं, त्यामुळे तिथे काही करावंच लागत नाही. जाता जाता: विंडोज दहाची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि हे लॅपटॉप अकराच्या अधिकृत यादीत बसत नाहीत. इंटरनेट वापरणार असाल तर लिनक्स मिंटचा विचार जरूर करा.

आता लॅपटॉप पूर्ण बंद करा. स्लीप नव्हे, शटडाउन. चार्जर काढा. खाचेतली धूळ मऊ ब्रशने किंवा कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने काढा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब आत जातात. अंबड-सातपूरकडच्या कारखान्यांत वापरलेल्या लॅपटॉपच्या खाचेत धूळ हमखास निघते.

कार्ड कडांना धरा, सोनेरी टोकाला बोट लावू नका. लेबल साधारणपणे वरच्या बाजूला येतं. ज्या बाजूला आत कनेक्टर दिसला होता त्या कडेला टेकवून सरळ सरकवा. शेवटच्या थोड्या अंतरात किंचित जोर लागतो आणि मग ते बसल्याचं हाताला कळतं. वाटेतच अडलं तर ढकलू नका, बाहेर काढून बाजू तपासा.

चार्जर लावून लॅपटॉप सुरू करा. विंडोज सातमध्ये आता ड्रायव्हर टाका आणि एकदा रीस्टार्ट करा. कार्ड चालू लॅपटॉपमध्ये घालता-काढता येतं असं मानक म्हणतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं, पण पहिल्यांदा बंद करूनच लावलेलं बरं.

खरं कार्ड की निळा रंग?

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स’ची यादी पसरा. खरं कार्ड असेल तर तिथे नवा होस्ट कंट्रोलर आलेला दिसतो. नावात ‘एक्सएचसीआय’, ‘एक्स्टेन्सिबल’ किंवा ‘यूएसबी ३.०’ असं काहीतरी असतं, सोबत चिपच्या कंपनीचं नाव. तिथे फक्त एक ‘जेनेरिक यूएसबी हब’ वाढला असेल तर तुमच्या हाती नुसता निळा रंग आला आहे. लगेच परत करा.

मग प्रत्यक्ष चाचणी. तीन-चार जीबीची एकच मोठी फाइल घ्या, एखादा लग्नाचा व्हिडिओ चालेल. हजारो छोटे फोटो कॉपी करून वेग मोजू नका, तिथे आकडा कायम खालीच दिसतो. सुरुवातीची उसळी सोडून द्या, मध्यावर आकडा कुठे स्थिरावतो ते बघा. हार्डडिस्कवर शंभरच्या आसपास आला तर सगळं ठीक.

तीस-पस्तीसवरच अडकलं तर

आधी केबल बघा. एक्स्टर्नल हार्डडिस्कच्या बाजूचा यूएसबी थ्री प्लग दोन भाग जोडल्यासारखा रुंद असतो. मोबाइलच्या जुन्या चार्जरचा मायक्रो प्लगही त्याच डिस्कमध्ये बसतो, डिस्क चालतेही, पण यूएसबी टूच्या वेगाने. घरातल्या केबल एका डब्यात ठेवल्या की हे होतंच.

केबल बरोबर असेल तर प्लग काढून पुन्हा एका दमात घाला. फार हळू सरकवला तर जुन्या चार पट्ट्या आधी टेकतात, लॅपटॉप डिस्कला यूएसबी टू समजून बसतो आणि नंतर पाच पट्ट्या लागल्या तरी आपलं मत बदलत नाही. ‘हे डिव्हाइस आणखी वेगाने चालू शकतं’ अशा अर्थाचा संदेश कोपऱ्यात आला तर कारण बहुधा हेच.

कार्ड अजिबातच दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, खाच बंद केलेली असू शकते. कंपन्यांतून आलेल्या सेकंडहँड लॅपटॉपमध्ये हे फार आढळतं, कारण डेटा बाहेर जाऊ नये म्हणून तिथले आयटीवाले खाचा बंद करून ठेवतात. थिंकपॅडला सुरू होताना एफ१ दाबून ‘सिक्युरिटी’मध्ये ‘आय/ओ पोर्ट अ‍ॅक्सेस’ बघा, डेलला एफ२ दाबून ‘मिसलेनियस डिव्हायसेस’. बायोसला पासवर्ड असेल तर ज्याच्याकडून लॅपटॉप घेतला त्यालाच गाठा.

कॉपी मधेच तुटत असेल आणि वीज पुरेशी असेल, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन पीसीआय एक्स्प्रेसचं ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ आणि ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ दोन्ही बंद करा. बॅटरी वाचवायच्या नादात ही दोन सेटिंग कार्डाला मधेच झोपवतात.

कार्ड चालू असताना वायरलेस माउस अडखळायला लागला तर तो माउसचा दोष नाही. यूएसबी थ्रीच्या तारांतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निघतो आणि माउसचा डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचा त्याचा छोटा रिसीव्हर, त्याच पट्ट्यात बोलतो. डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या जुन्या पोर्टमध्ये लावा.

या पोर्टांवर पेनड्राइव्ह लावून विंडोज टाकायला जाऊ नका. लॅपटॉप सुरू होताना बायोसला हे कार्ड बहुधा ओळखताच येत नाही, तेव्हा तो पेनड्राइव्ह जुन्या पोर्टमध्येच लावा. कार्ड काढतानाही क्रम पाळा: आधी डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करायची, मग कार्ड दाबून बाहेर घ्यायचं, आणि खाचेत डमी परत बसवायचा.

खाचच नसेल तर

लॅपटॉपच्या कडेला ई-साटाचं, म्हणजे बाहेरची हार्डडिस्क थेट जोडण्याचं, पोर्ट आहे का बघा. लॅटिट्यूड ई६४०० आणि ई६४१० वर ते यूएसबीबरोबर एकत्रच असतं आणि लोकांच्या लक्षातही येत नाही. त्याला चालणारं एन्क्लोजर (डिस्क बसवायची बाहेरची पेटी) मिळालं तर हार्डडिस्कचा पूर्ण वेग मिळतो, कार्डाशिवाय. तेही नसेल, पण घरात किंवा स्टुडिओत दुसरा नवा कॉम्प्युटर असेल, तर दोघांना लॅन केबलने जोडा. दोन्हीकडे गिगाबिट लॅन असेल तर सेकंदाला शंभर एमबीच्या वर डेटा जातो, आणि एक्स्टर्नल डिस्क त्या नव्या कॉम्प्युटरला लावायची.

पैसे मोजके असतील तर ते कुठे घालायचे याबद्दल माझं मत: कार्ड साधं पण खऱ्या चिपचं घ्या आणि उरलेले पैसे हबवर किंवा चांगल्या एन्क्लोजरवर घाला. एक्स्प्रेसकार्डची खाच आजच्या लॅपटॉपमध्ये येत नाही, त्यामुळे हे कार्ड या लॅपटॉपबरोबरच निकालात निघणार. हब आणि एन्क्लोजर पुढच्या लॅपटॉपलाही लागतील.